करड्या साच्यातला बर्फ

“बंद करा हे हॉटेल! आत्ताच्या आत्ता!”

छत्रीवाल्याने दाराजवळच्या खुर्चीला लाथ घातली. खुर्ची कोलांट्या खात थेट वाळूत जाऊन पडली. किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने देणारा हा माणूस एरवी येता-जाता हॉटेलात डोकावून चहा मागायचा. आज त्याचे डोळे तांबारले होते आणि आवाज फाटला होता.

“माझी चार वर्षांची पोर दवाखान्यात पडलीय! सुई टोचून ठेवलीय तिच्या हातात! काय खायला घालता तुम्ही लोकांना?”

टाचणी टेबल पुसायचं फडकं हातात धरून जागीच थिजली. अंगाने काटकुळी आणि जिभेने टोकदार म्हणून घरात तिला सगळे टाचणी म्हणत. बारा वर्षांची टाचणी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ भोपू सुट्टीसाठी मावशीकडे आले होते. भोपूला हे नाव का पडलं, हे त्याचा भोंग्यासारखा आवाज ऐकताच कळायचं. मावशीचं हॉटेल म्हणजे वाळूवर ठोकलेला फळ्यांचा कट्टा, वर पत्रा, आठ टेबलं आणि मागे धुराने काळवंडलेलं स्वयंपाकघर. पोहून दमलेली माणसं ओल्या अंगाने येऊन बसत, तळलेला मासा आणि बटाट्याच्या काचऱ्या हाणत आणि वर गारेगार लिंबूसरबत ढोसत. पहिले चार दिवस टाचणीला वाटलं होतं, सुट्टी असावी तर अशी!

मावशी हात पुसत बाहेर आली. “आवाज खाली, भाऊ. पोरीचं ऐकून मलाही वाईट वाटलं. पण—”

“पण काय? कालपासून नऊ जणांना उलट्या-जुलाब सुरू आहेत! नऊ! आणि सगळे इथेच आलेले!”

नाश्ता करत बसलेल्या एका बाईने लेकाच्या तोंडातला चमचा ओढूनच काढला. अर्धी ताटं तशीच टाकून लोक उठले. जाता जाता कुणीतरी बाहेरच्या फळ्यावरची पदार्थांची यादी तळहाताने पुसली आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘इथे विष मिळतं’.

दहा वाजता अन्नखात्याचा तपासनीस आला. उन्हाने वैतागलेला, घामाने निथळलेला. त्याने एका पातेल्यावरचं झाकण उचललं, आत न बघताच खाली ठेवलं आणि वहीत काहीतरी खरडलं.

“भांडी कोण धुतं?”

“भांडी मी धुतो,” आचारी फणकारला. “पण पेले ही पोरं विसळतात! हा धाकटा! मी शंभरदा सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात पोरं नकोत म्हणून!”

सगळ्यांच्या नजरा भोपूवर खिळल्या. भोपूचे ओठ हलले, पण त्या जगावेगळ्या गळ्यातून आवाजच फुटेना.

“त्याने दोनदा साबण लावून धुतलेत! मी बघितलंय!” टाचणी कडाडली.

“तू मध्ये बोलू नकोस,” मावशी म्हणाली. ती भोपूकडे बघत नव्हती. टाचणीला तेच जास्त लागलं.

तपासनिसाने आजारी माणसांच्या यादीचा कागद टेबलावर आपटला. “आजपासून गिऱ्हाईक बंद. उद्या दुपारी तीनला येतो. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर दाराला कुलूप आणि सील. मग ते निघता निघत नाही, सांगून ठेवतो!”

स्वयंपाकघरामागे रिकाम्या पिंपांच्या आडोशाला तिघं जमली. तिसरा होता मास्तर, मावशीचा मुलगा. वय वर्षं तेरा. प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची खोड होती त्याला, आणि आज तो खवळला होता.

“तुम्ही यायच्या आधी असं कध्धीच झालं नव्हतं! बारा वर्षं आई हे हॉटेल चालवतेय!”

“म्हणजे भोपूने विष कालवलं म्हणतोस?”

“मी तसं म्हटलं का?”

“मग काय म्हटलंस? बोल ना! आता का दातखीळ बसली?”

मास्तरने तिला ढकललं. टाचणीने त्याच्या शर्टाची कॉलर धरली. दोघं एकमेकांच्या अंगावर जाणार एवढ्यात भोपू हुंदके देऊ लागला. साधासुधा नाही, त्याच्या आवाजातला हुंदका! पिंपसुद्धा घुमलं.

“मीच दिलं तिला,” तो म्हणाला. “छत्रीवाल्याच्या पोरीला. ती इथे जेवलीच नव्हती. मागच्या दाराशी आली होती. ऊन होतं म्हणून मी तिला चोखायला बर्फाचा खडा दिला. मोठ्ठा. मग आणखी एक दिला.”

टाचणीने कॉलर सोडली. “थांब. आणखी काय दिलंस? सरबत? काचऱ्या?”

“काही नाही! नुसता बर्फ!”

मास्तरने टाचणीकडे बघितलं. भांडण राहिलं बाजूला. तो धावत आत गेला आणि तारेला अडकवलेल्या कालच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या काढून घेऊन आला. काल टेबलांवर वाढायला तोच होता. कोण कुठे बसलं होतं ते त्याला पाठ होतं. तपासनिसाची यादी वाळूवर पसरून तिघं ओणवी झाली.

“हे दोघं. मासा, काचऱ्या, सरबत.”

“ही बाई. तिने मासा खाल्लाच नाही. ऑम्लेट आणि सरबत.”

“म्हणजे मासा नाही! लिंबं?”

“थांब, थांब!” मास्तरचे डोळे चमकले. “सहा नंबरचं टेबल. सून आणि तिचे सासरे. दोघांनी सारखंच मागवलं होतं. सून यादीत आहे, आजोबा नाहीत. आणि आजोबांच्या सरबतापुढे मीच लिहिलंय बघ, ‘बिनबर्फाचं’! त्यांचे दात ठणकतात!”

नऊच्या नऊ नावं ताडून झाली. आठ जणांच्या पेल्यात बर्फ होता. नवव्या पोरीने नुसता बर्फच चोखला होता. गरम चहा पिणाऱ्यांपैकी एकाच्याही पोटात साधं गुरगुरलंसुद्धा नव्हतं.

“बर्फ कुठून येतो?” टाचणीने विचारलं.

“धक्क्यावरच्या कारखान्यातून. रोज दुपारी तीनला.”

“मग बसलोय काय? चला!”

कारखाना धक्क्याच्या टोकाला होता. बाहेर रंग उडालेली पाटी होती: ‘निळे साचे खाण्याच्या बर्फासाठी, गाळलेलं पाणी. करडे साचे मासळीच्या बर्फासाठी, विहिरीचं पाणी.’ ती विहीर धक्क्यालाच खेटून होती. तिच्या काठाशी होड्यांमधली मासळी धुण्याचं काम चाललं होतं आणि ते काळपट पाणी ओघळत विहिरीकडेच जात होतं.

आत यंत्रांची घरघर चालली होती. जमिनीत भलामोठा हौद होता. त्यातल्या मिठाच्या गार पाण्यात पत्र्याचे उंच साचे रांगांनी बुडवलेले आणि प्रत्येकावर लाकडी झाकण. मुकादम नुकतेच भरलेले साचे झाकत होता.

“निळा एकही नाही,” टाचणी कुजबुजली.

निळे साचे होते, पण कोपऱ्यात. एकावर एक रचलेले, खडखडीत कोरडे. वरच्या साच्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. शेजारच्या पाणी गाळायच्या यंत्राची वायर तुटून लोंबत होती. आणि हौदातल्या तीन करड्या साच्यांच्या झाकणांवर मुकादम खडूने एकेक अक्षर काढत होता: ‘हॉ’.

“हॉ म्हणजे हॉटेल,” मास्तर पुटपुटला. “मेल्या माणसा!”

“कोण आहे रे तिकडे?” मुकादम गरजला. “निघा! तंगडं मोडून ठेवीन!” त्याने हातातली लोखंडी आकडी जमिनीवर आपटली. तिघांनी पाय लावून पळ काढला.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. “अगं, त्याला विचारलं तर तो साफ नाकारणार. आधीच सगळा किनारा अंगावर आलाय, आणखी एक वैरी कुठे करू? कारखान्याला सरकारी दाखला आहे.”

मास्तरने तपासनिसाच्या कचेरीत फोन लावला. फोनमधला आवाज तिघांनाही ऐकू आला. “दाखल्यावर माझी सही आहे, कळलं? मी स्वतः तपासलाय तो कारखाना! पोरांनी पोरांसारखं राहावं!”

खाडकन फोन बंद झाला.

“स्वतः तपासलाय म्हणे!” टाचणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आपलं पातेलं तपासलं तसाच तपासला असणार! आपण सांगून कुणी ऐकणार नाही. त्यांना दिसलं पाहिजे. डोळ्यांत भरेल असं!”

तिची नजर आचाऱ्याच्या फळीवर गेली. तिथे केकवर घालायच्या लाल रंगाची बाटली होती. खायचा रंग. गडद, लालभडक.

“तो माझा आहे,” आचारी गुरगुरला. टाचणीने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना लिंबाची फोड चुरगाळत होता. शेवटी त्याने बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि पाठ फिरवली. “मी काही बघितलं नाही. आणि पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात दिसलात तर बघा!”

अर्ध्या तासाने कारखान्याच्या पुढच्या दाराकडून अशी काही किंकाळी आली की धक्क्यावरचे पक्षी उडाले.

“वाचवाऽऽ! काका, होडी बुडतेय! दोर सुटलाऽऽ!”

भोपूचा आवाज तो! मुकादम आकडी टाकून बाहेर पळाला. होडी खरोखरच दोर सुटून धक्क्यापासून हातभर लांब गेली होती. दोर मास्तरनेच सोडला होता आणि आता तोच मुकादमाला समजावत होता, “काका, भरतीला पाण्याची ओढ अशी असते ना, की आधी गाठ सैल होते, मग...”

“गप बस! दोर पकड!”

टाचणी मागच्या दाराने आत शिरली. पायाखाली चिकचिक होती. पहिलं ‘हॉ’ असलेलं झाकण तिने ओढलं. ते हललंच नाही. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे ते सरकलं. आत पाणी होतं, कडेने नुकता पांढरा थर धरू लागलेलं. तिने बाटली वाकडी केली. लाल धार तळाकडे गेली. दुसरा साचा. तिसरा. हात गारठून बधिर झाले होते.

“च्यायला— ए, कोणाची पोरं रे तुम्ही? हॉटेलवालीची ना?” बाहेरून मुकादम ओरडत होता. पावलं जवळ आली. टाचणीने तिसरं झाकण धाडकन बसवलं, बाटली खिशात कोंबली आणि दाराबाहेर उडी घेतली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता हॉटेलपुढे ही गर्दी जमली होती. आजारी माणसांचे नातेवाईक, दुकानदार, रिकामटेकडे बघे. सगळ्यांत पुढे छत्रीवाला, हाताची घडी घालून. तपासनीस कुलूप आणि लाखेची कांडी घेऊनच आला होता. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

“कारण सापडलं?” तपासनिसाने घड्याळ बघत विचारलं.

तेवढ्यात रोजची बर्फाची हातगाडी खडखडत आली; आज बर्फ नको, असं मुलांनी मुद्दामच कुणाला कळवू दिलं नव्हतं. मुकादम स्वतः ढकलत होता. टाचणीने दीर्घ श्वास घेतला आणि गाडीला आडवी गेली.

“काका, हा बर्फ कुठल्या साच्यातला?”

“बाजूला हो!”

“सांगा ना. एवढी माणसं बघतायत.”

मुकादमाने गर्दीकडे बघितलं, तपासनिसाकडे बघितलं आणि छाती पुढे काढली. “निळ्या साच्यातला! गाळलेल्या पाण्याचा! या साहेबांची सही आहे माझ्या दाखल्यावर! हिचं हॉटेल घाणेरडं, त्याला मी काय करू?”

“विहिरीच्या पाण्याचा नाही? नक्की?”

“थेंबभरही नाही!”

“सगळ्यांनी ऐकलं?” टाचणीने मोठ्याने विचारलं आणि गोणपाट ओढून काढलं.

लादी पांढरीशुभ्र होती. दुधासारखी, आरपार काही न दिसणारी. लाल रंगाचा मागमूस नव्हता. दुसरी लादी तशीच. तिसरीही.

“काय बघतेस? कधी बर्फ बघितला नाहीस का?” मुकादम खो खो हसला. गर्दीतही हशा पिकला.

“पोरखेळ!” तपासनीस म्हणाला आणि त्याने लाखेची कांडी पेटवायला काडी काढली.

“या पोरांना आधी हाकला,” छत्रीवाला दात-ओठ खात म्हणाला. “माझी पोर तिकडे तळमळतेय आणि यांना खेळ सुचतायत!”

चुकीचे साचे? रंग वाया गेला? भोपूने तिचा हात घट्ट पकडला. मग मास्तर तिच्या कानाशी लागला. त्याची खोड पुन्हा कामी आली. “बर्फ बाहेरून आत गोठतो! शुद्ध पाणी आधी गोठतं, उरलेलं सगळं मधोमध ढकललं जातं! मधोमध, टाचणी!”

“फोडा!” टाचणी किंचाळली. “आचारीकाका, लादी फोडा!”

आचारी स्वयंपाकघरातून बाहेर आला. हातात बर्फ फोडायचा जाड टोचा. त्याने कुणालाही काही विचारलं नाही. लादीच्या मधोमध टोक टेकवलं आणि हातोडीचा एकच घाव घातला.

खाड्!

लादी दुभंगली. आत, अगदी गाभ्यात, हातभर लांब लालभडक पट्टा होता.

हसू जागच्या जागी विरलं. आचाऱ्याने दुसरी लादी फोडली. लाल. तिसरी. लाल.

“हा खायचा रंग आहे,” टाचणी म्हणाली. “काल दुपारी मी तो करड्या साच्यांत ओतला. मासळीच्या! विहिरीच्या पाण्याच्या! झाकणांवर यांनीच खडूने ‘हॉ’ लिहिलं होतं.”

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. “खोटं! साफ खोटं! या कारटीने... हिने निळ्या साच्यांत ओतला असेल!”

“असेल ना,” टाचणी म्हणाली. “मग चला, निळे साचे बघूया. सगळेच चला! जरा जपून हात घाला म्हणजे झालं, वरच्या साच्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे!”

तपासनिसाने काडी परत पेटीत ठेवली. “एवढ्यात त्याची गरज—”

“गरज आहे,” छत्रीवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा भयंकर होता. “तुम्ही पुढे व्हा साहेब. सही तुमची आहे.”

अख्खी गर्दी धक्क्यावर गेली. कोरडे साचे, पोळं, लोंबती वायर आणि विहिरीत झिरपणारं काळं पाणी सगळ्यांनी बघितलं. गाळायचं यंत्र तीन महिन्यांपासून बंद होतं, आणि मासळी धुण्याचं काम विहिरीच्या काठाशी याच आठवड्यात आलं होतं. दुरुस्तीचा कंटाळा, दुसरं काय! दाखल्यावरची सही दोन महिन्यांपूर्वीची होती. लोकांनी तपासनिसाला असं धारेवर धरलं की त्याला रुमाल काढून कपाळ पुसायलाही सवड मिळेना. हॉटेलसाठी आणलेलं सील शेवटी बर्फाच्या कारखान्याच्या दारावर बसलं. संध्याकाळी त्याच्या मोठ्या साहेबांचा फोन मावशीला आला. त्यांनी तिची माफी मागितली आणि “ती तीन मुलं कोण?” असं दोनदा विचारलं.

हॉटेलात मावशीने भोपूला जवळ ओढलं. “काल मी तुझ्याकडे बघितलं नाही ना,” ती म्हणाली. “चुकलं माझं, राजा. तुम्ही तिघांनी माझं घर वाचवलंत.”

“तशी बरी पोरं आहेत,” आचारी कुणाकडेही न बघता म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे हारतुरेच!

तेवढ्यात दारात छत्रीवाला उभा राहिला. वाळूतली खुर्ची त्याने उचलून आणली होती. ती जागेवर ठेवून तो वळणार, तोच भोपू पुढे झाला. टाचणीने त्याला मागे ओढायला हात पुढे केला, पण तो निसटला.

“काका, तुमच्या पोरीला बर्फ मी दिला होता. दोन खडे. मला माहीत नव्हतं.” एवढ्या मोठ्या आवाजाचा पोरगा, पण शेवटचा शब्द जेमतेम ऐकू आला.

छत्रीवाल्याचा जबडा आवळला. टाचणी दोघांच्या मध्ये शिरायच्या तयारीत होती.

“तू हे सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं,” तो म्हणाला.

“हो.”

छत्रीवाल्याने तोंडावरून हात फिरवला. “ताप उतरलाय तिचा. उद्या घरी सोडतायत. ये तू. आणि तिला सांग, बाहेरचं काहीबाही तोंडात घालायचं नाही म्हणून. माझं मेली ऐकत नाही.”

“मी सांगतो!” भोपू ओरडला, आणि इतक्या जोरात की छत्रीवाला दोन पावलं मागे सरकला आणि मावशीच्या हातातला चमचा खाली पडला.